चार पावसाळे उभा राहिलेला छोटा डिझेल ट्रॅक्टर चालू कसा करायचा आणि त्याची अवजारं घरी कशी बनवायची

आमच्या पलूस-तासगाव पट्ट्यात द्राक्षबागेत फिरणारे १५ ते २० अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर भरपूर आहेत, मित्सुबिशी शक्तीचा तीन सिलेंडरवाला १८०डी म्हणा नाहीतर महिंद्रा युवराजचा एका सिलेंडरचा २१५ म्हणा, आणि आता त्यातले बरेच जुने होऊन शेडमागे ताडपत्रीखाली पडलेत. माझ्याकडे आलेला तीन सिलेंडरचा ट्रॅक्टर मामांच्या गोठ्याशेजारी चार पावसाळे उभा होता. मामा म्हणाले, भंगारात घालण्यापेक्षा तूच ने आणि बघ काय होतंय ते. तो मी सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं काम करून उभा केला, आता बागेतलं गवत, मुरूम ओढणं, कॅरेट वाहणं सगळं त्याच्यावरच चालतं. ज्यांनी आयुष्यात फक्त मोटारसायकलचं ऑइल बदललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, म्हणून क्रम सोडू नका. आणि रंग सगळ्यात शेवटी. रंग दिलेला ट्रॅक्टर परत खोलायला मन होत नाही आणि मग आतला दोष तसाच राहतो.

घ्यायच्या आधी

कागद आधी बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि पहिल्या नोंदणीची १५ वर्षं संपली असतील तर नूतनीकरण राहिलंय का ते विचारा. घरातलाच ट्रॅक्टर असला तरी हे करून घ्या, नंतर वाटणीच्या वेळी नको तो वाद होतो.

मशीन बघताना ऑइलची काडी बाहेर काढा. ऑइल काळं असेल तर काळजी नाही, डिझेलचं काळंच होतं. पण दुधाळ, ताकासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे हेडचं पॅकिंग किंवा त्याहून मोठं काहीतरी. लेव्हल खुणेच्या वर असेल आणि बोटाला डिझेलचा वास आला तर टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा नाहीतर ते इंजिनाला दाबाने देणाऱ्या फ्युएल पंपाचं सील गळतंय आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. असा ट्रॅक्टर तसाच चालू करायचा नाही. मागच्या गिअरबॉक्सचं ऑइल पण बघा, बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत गिअर आणि लिफ्टला, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकला, एकच ऑइल असतं, तिथं पाणी गेलं असेल तर लिफ्टचा पंप खराब झालेला असू शकतो.

चालू असलेला मिळाला तर धूर बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी नाहीतर डिझेल जास्त, बऱ्याच वेळा एअर फिल्टर साफ केला की जातो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील. पांढरा धूर थंडीत पहिली दोन मिनिटं चालतो पण गरम झाल्यावरही राहिला तर नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतो तो), कॉम्प्रेशन नाहीतर पाणी. मग ऑइल भरायचं झाकण उघडा, तिथून फक-फक करून जोरात धूर येत असेल तर ट्रॅक्टर बोअरला आलाय, म्हणजे आतून सिलेंडर आणि रिंगा झिजल्यात. लायनर, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग हे मशीन शॉपचं काम आहे, नवख्या माणसाने पहिल्याच ट्रॅक्टरला त्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, किंमत तेवढी पाडून घ्या नाहीतर सोडून द्या.

पहिला आठवडा सेल (स्टार्टर) मारायचाच नाही

सगळ्यात मोठी चूक इथं होते. बॅटरी लावून लगेच सेल मारला जातो. चार वर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलेंडरला धरलेल्या असतात, कोरड्या बोअरमध्ये जोर लावला की रिंग तुटते.

आधी एअर क्लीनरचा पाइप काढून आत उंदराचं घर, गांधीलमाशीची माती नाही ना ते बघा. माझ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमध्ये चिमणीचं घरटं होतं, ते काढलं. मग सगळे नोझल काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मंनिम्मं करून सोडा, भोकांवर स्वच्छ फडकं ठेवा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. तिसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रल आहे ना खात्री करून क्रँक पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून इंजिन ज्या बाजूला फिरतं त्याच बाजूला हळूच दाबा. हलत नसेल तर जोर लावू नका, परत ऑइल सोडा, परत थांबा. माझा पाचव्या दिवशी हलला, आधी केसभर, मग पाव वळसा, आणि त्या पाव वळशाला मला जो आनंद झाला तो नंतर ट्रॅक्टर चालू झाल्यावर पण झाला नाही.

पूर्ण फिरायला लागला की नोझल बाहेर असतानाच सेलवर दहा-दहा सेकंद फिरवा म्हणजे आतलं ऑइल बाहेर उडून जातं. भोकांसमोर उभं राहू नका. ही पायरी मी घाईत सोडली होती, आत राहिलेलं ऑइलच इंधन म्हणून जळायला लागलं आणि पहिल्या स्टार्टला इंजिन पळालं, म्हणजे अॅक्सिलेटर न देता आवाज चढतच गेला आणि स्टॉपची केबल ओढली तरी थांबेना. कारण स्टॉप फक्त पंपाचं डिझेल बंद करतो, जळत होतं ते ऑइल. अशा वेळी एकच उपाय, हवा बंद करायची. शेजारी ठेवलेली लाकडी फळी मी हवेच्या तोंडावर दाबून धरली तेव्हा थांबलं. तेव्हापासून कुठलंही जुनं डिझेल इंजिन पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवतो आणि सपाट फळी हातात घेऊन एक माणूस तिथं उभा करतो. हात लावायचा नाही, हात ओढून घेतो तो. स्टॉपची केबल गंजून अडकलेली असते, ती पण आधी हाताने ओढून बघा, पंपावरचा लिव्हर पूर्ण फिरतोय का.

डिझेल, आणि एअर काढणं

जुनं डिझेल टाकून द्या, वास घेत बसू नका. टाकी उतरवून धुवा, तळाला पाणी आणि काळा चिखल असतो, तो एकदा फ्युएल पंपात गेला की खर्च वाढला. फिल्टर नवीन टाका, रबरी पाइप सगळे नवीन टाका, जुन्या पाइपला न दिसणारी चीर असते तिथून डिझेल गळत नाही पण हवा आत ओढली जाते आणि मग ट्रॅक्टर दहा मिनिटं चालून बंद पडतो, आपण पंपाला दोष देत बसतो.

नोझल काढलेच आहेत तर डिझेल पंपवाल्याकडे टेस्टिंगला द्या. तो दाब देऊन फवारा बघतो, धुक्यासारखा बारीक पडला पाहिजे, पिचकारीसारखी धार किंवा टोकाला थेंब नको. टेस्टिंगच्या वेळी त्या फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका, तो दाब कातडी फोडून डिझेल आत घालतो, जखम सुईएवढी दिसते पण लगेच दवाखाना गाठावा लागतो. फ्युएल पंप स्वतः खोलू नका. नोझलचं टेस्टिंग सोडलं तर पूर्ण लेखात फक्त दोनच गोष्टी मी दुसऱ्याकडे द्या म्हणतो, एक बोअरचं काम आणि दुसरा हा पंप.

आता नोझल परत बसवल्यावर एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपांत अडकलेली हवा, काढायचा क्रम: टाकीचा कॉक उघडा, फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे ढिला करा, फीड पंपाचा हातप्रायमर दाबत राहा, आधी फेस येईल मग बुडबुडे मग सलग डिझेल, सलग आलं की घट्ट करा. मग फ्युएल पंपावरचा बोल्ट, तसंच. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट नोझलच्या टोकाला ढिले करून सेल मारा, डिझेल उसळी मारून यायला लागलं की एकेक घट्ट करा. तिन्ही घट्ट केले की बहुतेक वेळा तिथंच इंजिन धरतं. सेल सलग दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मधे मिनिटभर थांबा. छोट्या इंजिनांना सिलेंडर आधी तापवणारे हिटर प्लग असतात, ते चालतात का ते मीटरने बघून घ्या, सकाळी स्टार्ट न होण्याचं कारण पुष्कळदा तेच निघतं. गॅरेजात ईथरचा स्प्रे मारून चालू करायची सवय आहे, हिटर प्लगवाल्या इंजिनात तो मारू नका, आत भडका होऊन पिस्टन फुटू शकतो.

पाणी, ऑइल, ब्रेक

रेडिएटर पंख्याच्या बाजूने पाण्याने धुवा म्हणजे पुढून अडकलेला भुसा पुढेच निघतो. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) खराब असेल तर नवीन टाका, काढून फेकू नका. आमच्याकडे "गरम होतोय का, थर्मोस्टॅट काढून टाक" हा सल्ला कुठेही मिळतो, पण थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन कायम थंड चालतं, डिझेल नीट जळत नाही आणि बोअर लवकर झिजतो. साध्या पाण्याऐवजी कूलंट निम्मं आणि शुद्ध पाणी निम्मं.

पहिलं ऑइल स्वस्तातलं चालेल पण ग्रेड बरोबर, १५डब्ल्यू-४०, आणि ते दहा तासांनी काढून टाकायचं, कारण चार वर्षांचा गाळ त्यात येतो. ऑइल बाथ एअर क्लीनर, म्हणजे हवा ऑइलमधून गाळणारा, असेल तर वाटी डिझेलने धुवून खुणेपर्यंतच ऑइल भरा, जास्त भरलं तर इंजिन तेच ऑइल ओढतं आणि परत पळण्याचा धोका.

ब्रेकचे दोन पेडल असतात, बागेत वळायला वेगवेगळे वापरतात, रस्त्यावर दोन्ही जोडायची कडी लावायचीच. दोन्हीचा फ्री प्ले, म्हणजे पेडलची मोकळी हालचाल, सारखा करा, नाहीतर जोडून दाबला तरी एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर बाजूला ओढतो. क्लच पावसात उभा राहून फ्लायव्हीलला चिकटलेला असतो. माझा होता. इंजिन गरम करून बंद केलं, हाय गिअरमध्ये टाकला, क्लच पेडल लाकडाने दाबून बांधलं आणि दोन पोरांनी मागे-पुढे हलवला तेव्हा सुटला. नाहीतर ट्रॅक्टर मधून खोलावा लागतो, दोन दिवसांचं काम आहे. इंजिन चालू ठेवून असले प्रयोग करू नका.

पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचे बुश आणि चाकं वळवणाऱ्या टायरॉडचे गोळे बघा, जॅकवर चाक वर घेऊन वर-खाली हलवलं की कळतं. फोर व्हील असेल तर पुढच्या आणि मागच्या टायरचा हिशोब जुळलेला असतो, फक्त मागचे मोठ्या मापाचे टाकले तर पुढचा गिअर आतून पिळला जातो. डांबरी रस्त्यावर फोर व्हील काढूनच चालवा.

लिफ्ट तपासायला १०० किलोची पोती बांधून उचला, इंजिन बंद करा आणि अर्धा तास बघा. थोडं खाली आलं तर चालतं, पाच मिनिटांत जमिनीला टेकलं तर सील. थरथरत उचलत असेल तर आधी सक्शनची जाळी साफ करा, पंप लगेच बदलू नका.

आता अवजारं, पण आधी वजनकाटा

माझं घर किर्लोस्करवाडीपासून फार लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये इथल्या माळावर कारखाना उभा केला. त्याच्या आधी त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून लोक तो घ्यायला तयार नव्हते. त्या माळाच्या शेजारी बसून स्वतःच्या हाताने अवजार करायचं म्हणजे मला ते काम मनापासून नीट करावंसं वाटतं. आणि नीट म्हणजे आधी मापं.

मी ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेला. पूर्ण वजन ७८० किलो, फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून ३१० किलो. स्टिअरिंग हातात राहायला पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या निदान २० टक्के वजन पाहिजे, म्हणजे १५६ किलो. माझ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर १.४ मीटर, आणि मागे लटकणाऱ्या ओझ्याचा मध्य मागच्या अॅक्सलपासून १.१ मीटर. मग १४० किलो मागे लावलं तर पुढचं वजन किती हलकं होणार, १४० गुणिले १.१ भागिले १.४, म्हणजे ११० किलो. उरले २००, चालतं. २४० किलो लावलं तर १८९ किलो उचललं जातं, उरले १२१, १५६ पेक्षा कमी, म्हणजे चढावर पुढची चाकं हवेत. लिफ्ट २४० किलो आरामात उचलते, पण लिफ्ट उचलते म्हणून ट्रॅक्टर पेलतो असं नाही, हा हिशोब तुमच्या ट्रॅक्टरचे आकडे घालून कागदावर करा आणि मगच लोखंड आणायला जा.

थ्री पॉइंटची, म्हणजे मागे अवजार जोडायच्या खालच्या दोन लिंक आणि वरच्या टॉप लिंकची, मापं स्वतः घ्या, मोठ्या ट्रॅक्टरचं रेडीमेड अवजार छोट्याला बसत नाही. कॅटेगरी एक या जोडणीच्या ठरलेल्या मापाला खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ ची असते, पण छोट्या ट्रॅक्टरांत खालच्या दोन लिंकमधलं अंतर बरंच कमी, जवळपास ४० सेंटिमीटर असतं.

पहिलं अवजार कॅरेट उचलायची चौकट करा, कारण त्यात फिरणारं काही नाही. ७५ बाय ४० चा सी चॅनेल ७० सेंटिमीटर आडवा, त्याला खालच्या लिंकच्या मापाने १० मिलिमीटर पट्टीचे कान, दोन्ही बाजूंनी, म्हणजे पिन दोन कानांत धरली जाते, एका कानावर लटकत नाही. मधून वर ५० बाय १० च्या दोन पट्ट्या टॉप लिंकला, आणि त्या टोकापासून मागे तिरपी ताण पट्टी, ती नसेल तर मास्ट, म्हणजे त्या उभ्या पट्ट्या, वाकतो. खाली ५० बाय ५० बाय ६ च्या अँगलचा ओटा. माझी चौकट ४० किलोच्या आत बसली, वर पाच कॅरेट, प्रत्येकी २० किलो. आधी सगळं टाका मारून जोडा, ट्रॅक्टरला लावून बघा, लिफ्ट पूर्ण वर घेतल्यावर कुठे टायरला घासत नाही ना ते बघा, मग पूर्ण वेल्डिंग. आणि पूर्ण वेल्डिंग ट्रॅक्टरवरून उतरवूनच, लावलेलं असताना करायचंच झालं तर बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा आणि अर्थिंग वेल्डच्या जवळ धरा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो, अल्टरनेटर पण खराब होतो.

वेल्डिंग नवीन असेल तर ३.१५ मिलिमीटरची ६०१३ नंबरची रॉड, १०० ते १२० अँपिअर, आणि टाकाऊ तुकड्यावर सराव करून तो तुकडा हातोड्याने मोडून बघा. वरून छान दिसणारं वेल्ड आत धरलेलं नसतं हे मोडल्यावरच कळतं. कानांच्या जोडाला मी ७०१८ वापरतो, पण ती रॉड सुकी लागते.

दुसरं, मुरूम पसरायची फळी. १०५ सेंटिमीटर रुंद, ३० उंच, ८ मिलिमीटरची प्लेट, साधारण २० किलो होते. खालची धार वेगळी पट्टी करून बोल्टने लावा, झिजली की बदलता येते. ट्रकच्या पाट्याचं लोखंड धारेला चांगलं म्हणून सगळे वापरतात, ते वेल्ड करू नका. स्प्रिंगचं पोलाद असल्याने वेल्डच्या कडेला तडा जातो, बोल्टच लावा.

तिसरं, पाच फणांचं कल्टिवेटर, फणांत ९ इंचाचं अंतर. फणांची पाती लोखंडाच्या दुकानात तयार मिळतात, तेवढी विकत घ्या. प्रत्येक फणाला दोन बोल्ट, त्यातला एक मुद्दाम साधा ८ मिलिमीटरचा ठेवा म्हणजे दगडाला अडकलं की तो तुटतो आणि फण वाचतो. बागेत बुंध्यापासून दीड-दोन फूट लांब ठेवा, वरची मुळं तुटली की छाटणीनंतर वेलीवर दिसतं.

गवत कापायचं फिरत्या पात्याचं मशीन मात्र घरी करू नका, मी पण केलं नाही. पातं सुटलं तर ते भिंतीत घुसतं. विकतचं घ्या आणि पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून मशीन फिरवणारा दांडा, तेवढा नीट बसवा: दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत, पूर्ण लांबवल्यावर आतली नळी बाहेरच्या नळीत निदान एकतृतीयांश राहिली पाहिजे, आणि लिफ्ट वर घेताना शाफ्ट जास्त तिरपा होत असेल तर पीटीओ बंद करूनच उचला. प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं म्हणून काढून ठेवू नका. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ वेळा फिरतं ते, उपरणं, पदर, बुटाची नाडी काहीही धरलं तर ओरडायला पण वेळ मिळत नाही. आमच्या घरात नियम आहे, पीटीओ चालू असताना ट्रॅक्टरच्या मागे कोणी यायचं नाही, लहान पोरांनी तर बांधावरच थांबायचं.

तसंच ओढकाम फक्त मागच्या खालच्या ओढपट्टीला, म्हणजे ड्रॉबारला. झाडाचा बुडखा उपटायला टॉप लिंकच्या जागी साखळी बांधली की पुढचा भाग उचलून ट्रॅक्टर मागे पालथा होतो, चालवणारा खाली सापडतो, आणि हे दीडेक सेकंदात होतं.

एवढं झाल्यावर रंग. डिझेलने धुवा, मग साबणाच्या पाण्याने, गंज वायर ब्रशने काढून प्रायमरचा एक हात, त्यावर दोन हात रंग. ग्रीस निप्पल, रबर आणि इंजिन नंबर झाकून ठेवा, नूतनीकरणाला तो नंबर वाचता आला पाहिजे.

पहिल्या दहा तासांनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, चाकांचे नट परत आवळा, रंग दिलेल्या रिमवर ते हमखास ढिले होतात. चौकटीच्या कानांजवळचं वेल्ड पुसून उजेडात बघा, केसासारखी रेघ दिसली तर त्या दिवशी कॅरेट उचलू नका, ग्राइंडरने ते वेल्ड पूर्ण काढून परत भरा. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावा, १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवत असेल तर संध्याकाळी दिवे लावून बागेतून घरी यायला हरकत नाही.